जेआर-वन लेकीकडून घरानं काय मागावं

प्रश्न: माझी मुलगी यंदा एमडी मेडिसिनला लागली. सरकारी कॉलेज, घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर. रुजू झाल्यापासून एकदाच घरी आली आणि दोन्ही दिवस नुसती झोपली. फोन उचलत नाही. उचललाच तर 'आई, नंतर करते' म्हणते आणि तो नंतर येतच नाही. चुलतभावाच्या लग्नाला आली नाही, त्यावरून घरात बोलणी झाली. एक चांगलं स्थळ आलंय, पण मुलाकडचे थांबायला तयार नाहीत. गेल्या आठवड्यात रडत म्हणाली, 'मला नाही जमणार हे, मी सीट सोडते.' तिचे बाबा म्हणतात, डॉक्टर व्हायचं तर सोसावंच लागतं. मला वाटतं, तिला एखादी हलकी शाखा घ्यायला सांगावं. काय करू? — एक आई

ताई,

तुम्ही विचारलंय शाखेबद्दल, पण पत्रभर जीव अडकलाय तो फोनमध्ये. म्हणून आधी त्याचंच बोलू.

मेडिसिनच्या जेआर-वनचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी राउंडच्या आधी वॉर्डातल्या पेशंटची रक्तं काढायची, बीपी-शुगर बघायची, आदल्या दिवशीचे रिपोर्ट आणून केसपेपरला लावायचे. राउंड संपला की कामांची यादी हातात: याची सोनोग्राफी, त्याचा टूडी-इको, सर्जरीवाल्यांना कॉल, रक्तपेढीचा फॉर्म, चार जणांची डिस्चार्ज कार्डं. युनिटची, म्हणजे ती ज्या डॉक्टरांच्या गटात काम करते त्या गटाची, ओपीडी असेल तर दुपार तिथंच जाते. इमर्जन्सीचा दिवस असेल तर सकाळी सुरू झालेली ड्युटी दुसऱ्या दिवशीच्या राउंडनंतर संपते, आणि त्या राउंडला रात्री भरती झालेल्या प्रत्येकाची हिस्ट्री तिलाच सांगायची असते. मध्यरात्री श्वासासाठी नळी घातलेला पेशंट सीटी स्कॅनला न्यायचा झाला, तर स्ट्रेचरच्या बाजूनं अँबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत तीच चालते. तेव्हा तुमचा फोन वाजतो. खिशात हात घालायला हात मोकळा नसतो.

नंतर ती स्क्रीनवर 'आई' बघते, मिस्ड कॉल बघते, आणि तिला अपराधी वाटतं. फोन केला तर आधी 'का नाही उचललास' याचं उत्तर द्यावं लागणार, मग 'जेवलीस का'चं, मग 'कधी येणार'चं. दिवसभर सीनिअर, सर, नातेवाईक, लॅब सगळ्यांना उत्तरं देऊन आलेल्या मुलीला आणखी तीन उत्तरं जड जातात. म्हणून ती फोन पुढं ढकलते. तुमच्यावरची माया कमी झाली असा त्याचा अर्थ कृपा करून लावू नका.

तिच्या कामाचे तास कमी करणं तुमच्या हातात नाही. तिच्यावरचं घराचं ओझं कमी करणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. आजपासून फोन करणं थांबवा आणि व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवा. मिनिटभराचं, प्रश्न नसलेलं: शेजारच्यांकडे काय झालं, बागेत काय लागलं, बाबांनी कुणाशी वाद घातला. शेवटी एवढंच सांगा की उत्तर नको, वेळ मिळेल तेव्हा ऐक. ती लिफ्टसमोर उभी राहून ऐकेल. खुशाली कळायला दिवसातून एकदा एक अंगठा पाठवायचा, एवढं ठरवा. सुट्टीच्या दिवशी ती आपणहून फोन करेल. लगेच नाही, पण करेल. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी निवासी डॉक्टरांच्या घरी ही एक गोष्ट बदलली आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

लग्नाला आली नाही, याबद्दल घरात जे कुणी बोललं असेल त्यांना तुम्ही उत्तर द्या. ते तिच्यापर्यंत पोचू देऊ नका.

आता तिच्या बाबांबद्दल. सोसावं लागतं हे खरं आहे. पहिल्या वर्षात हात बसतो तो पेशंट बघूनच, आणि त्यासाठी वॉर्डात तास घालवावेच लागतात. पण किती, याला मर्यादा आहे आणि ती सरकारी कागदावर आहे. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी सहसा 12 तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याला साधारण 48 तास काम असावं आणि आळीपाळीनं साप्ताहिक सुट्टी मिळावी, असं लिहिलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमांत कामाचे तास 'वाजवी' असावेत, रोज विश्रांतीला वेळ मिळावा, कामाच्या निकडीला धरून आठवड्याची एक सुट्टी द्यावी आणि वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी रजा द्यावी, असं म्हटलंय. 2024 मध्ये आयोगाच्याच कृतिदलानं आठवड्याला 74 तासांच्या वर काम नको आणि रोज सात-आठ तास झोप हवी, अशी शिफारस केली. वॉर्डात यातलं बरंच पाळलं जात नाही, हे तुमची लेक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. पण हक्क आहे हे माहीत असलेली मुलगी सुट्टी मागते. 'सोसायचंच असतं' हे ऐकत वाढलेली मागत नाही. म्हणून बाबांनी ते वाक्य तिच्यासमोर बोलणं बंद करावं, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

झोपेबद्दल मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण ती घरी येऊन झोपली याचं तुम्हाला वाईट वाटलंय. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत मोजलं गेलंय. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. अमेरिकेत 2004 साली बोस्टनच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात इंटर्न डॉक्टरांचा अभ्यास झाला. लांबलचक ड्युट्यांच्या जुन्या वेळापत्रकात त्यांच्या हातून गंभीर चुका 36 टक्के जास्त झाल्या होत्या. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं, की लांब ड्युटी करून घरी जाताना गाडीला अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते. तेव्हा तिच्याकडून एक शब्द घ्या: इमर्जन्सी करून आल्यावर स्कूटी चालवायची नाही. रिक्षा करायची किंवा हॉस्टेलपर्यंत चालत जायचं. रिक्षाचे पैसे तुम्ही द्या, म्हणजे ती खरंच रिक्षा करेल. आणि ती घरी येऊन दोन दिवस झोपली तर घरात आवाज होणार नाही एवढं बघा. नातेवाइकांना भेटायला बोलावू नका.

यापुढचं तिच्यासाठी आहे. तिला तसंच पाठवा.

बाळा, पहिल्या वर्षात काम आणि आयुष्य यांचा समतोल साधायला जाऊ नकोस. तो साधत नाही आणि न साधल्याचं दुःख उगाच पदरात पडतं. दोन-तीन गोष्टी ठरव आणि तेवढ्याच सोडायच्या नाहीत, असं कर. माझ्या मते पहिली झोप, दुसरी आठवड्याची सुट्टी, तिसरी दवाखान्याबाहेरचं एक माणूस, ज्याच्याशी तू पेशंट सोडून बोलशील. जिम, नवी भाषा, प्रत्येकाचा वाढदिवस हे सगळं या वर्षी राहिलं तरी चालेल.

सुट्टी मिळणं बरंचसं हँडओव्हरवर, म्हणजे निघताना पेशंट पुढच्या डॉक्टरकडे कसे सोपवलेस यावर असतं. ज्या जेआरचा हँडओव्हर कच्चा, तिला ऑफच्या दिवशीही सिस्टरचे फोन येतात. निघण्यापूर्वी प्रत्येक बेडचं लिहून ठेव: निदान काय, कोणता रिपोर्ट यायचाय, तो अमुक आला तर काय करायचं, कुणावर रात्री लक्ष ठेवायचं, नातेवाइकांना काय सांगून झालंय. 'बेड 14, सोडियम रिपीट संध्याकाळी 6 ला, कमी झालं तर सीनिअरला फोन' इतकं स्पष्ट. को-जेआरला, म्हणजे तुझ्याच बॅचच्या जोडीदार डॉक्टरला, बेडपाशी नेऊन दाखव. मग फोन सायलेंटवर टाकून झोप. मनाला लावून घेऊ नकोस. तो पेशंट एकट्या तुझा नाही, युनिटचा आहे.

को-जेआरशी बोलून इमर्जन्सीची रात्र वाटून घ्या. पहिला अर्धा भाग एकीनं कॅज्युअल्टी आणि वॉर्ड बघायचा, दुसरीनं ड्युटी रूममध्ये आडवं व्हायचं, मग अदलाबदल. काम अंगावर आलं तर उठवायचंच, पण रोज रात्री तसं नसतं. सकाळची सॅम्पलं आळीपाळीनं काढा. वॉर्डातल्या मावशींशी, सिस्टरशी नीट वाग. चहा पिऊन घ्या म्हणणारी तीच माणसं असतात, आणि नवख्या डॉक्टरची चूक वेळेवर लक्षात आणून देणारीही तीच.

घरचं लग्न, आजीचं ऑपरेशन यांच्या तारखा कळल्या की लगेच ड्युटी अॅडजस्ट करायला घे. बदल्यात आधी तू कुणाची तरी ड्युटी घे, मग माग. रजेचा अर्ज लेखी दे, प्रत ठेव. तोंडी विचारलेली रजा आयत्या वेळी कुणाला आठवत नाही.

काम जास्त असणं वेगळं आणि कुणी मुद्दाम छळणं वेगळं. चूक झाली म्हणून जेवायला जाऊ न देणं, शिक्षा म्हणून लागोपाठ ड्युट्या लावणं, सगळ्यांसमोर घाणेरडं बोलणं, हे प्रशिक्षण नाही, रॅगिंग आहे. वैद्यकीय आयोगाचे 2021 चे रॅगिंगविरोधी नियम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही लागू आहेत. तारीख-वेळ लिहून ठेव. आधी युनिटमधल्या ज्यांच्यावर विश्वास आहे अशा लेक्चररशी बोल, मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, प्रतिनिधीशी बोल. त्यानं भागलं नाही तर कॉलेजची समिती आहे आणि 1800-180-5522 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

ताई, पुन्हा तुमच्याकडे येते. ती रडली, हे मी हलक्यात घेत नाही. थकून रडणं आणि आत काहीतरी मोडून रडणं यांत फरक असतो. सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नाही, खाणं सुटलंय, सारखं 'मी नालायक आहे' म्हणते, किंवा 'नसते तर बरं झालं असतं' असं काही बोलते, यातलं काही दिसलं तर पुढच्या गाडीनं निघा आणि तिच्याजवळ जा. जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतो का, असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बोलायला वाट मिळते. तसं काही असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःच्याच कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला या मुलांना संकोच वाटतो, तर बाहेरचे डॉक्टर बघा. अशा वेळी रजा, सीट, सीट सोडण्याबाबतचा करार म्हणजे बॉण्ड, सगळं नंतर.

स्थळाचं म्हणाल तर, मुलाकडचे थांबायला तयार नाहीत याचा अर्थ मी जरा वेगळा लावते. ज्यांना आत्ता काही महिने थांबवत नाही, ते पुढं तिच्या नाइट ड्युट्या कशा समजून घेणार? मुलाला तिच्याशी बोलायचं असेल तर त्यानं तिच्या सुट्टीच्या दिवशी तिच्या गावी जावं आणि तासभर भेटावं. तिनं बघण्याच्या कार्यक्रमासाठी रात्रभर प्रवास करून यावं, हे आत्ता मागू नका.

राहता राहिली शाखा. प्रवेश झाल्यावर कॉलेजात मधेच शाखा बदलून मिळत नाही. सीट सोडायची, पुन्हा नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि त्या रँकला मिळेल ते घ्यायचं, एवढाच मार्ग आहे. तुम्ही जिला हलकी म्हणता ती त्वचारोग किंवा रेडिओलॉजीची सीट वरच्या रँकलाच संपते. शिवाय सीट सोडण्याच्या अटी असतात. 2024 मध्ये आयोगानं राज्यांना सीट सोडण्याचा बॉण्ड काढून टाका असं सुचवलं होतं, पण तिला काय लागू आहे ते तिनं सही केलेल्या कागदावरच दिसेल.

दुसरं म्हणजे, पहिल्या वर्षाचं हे ओझं तीन वर्षं असंच राहत नाही. नवी बॅच आली की रक्तं काढणं, रिपोर्टमागं धावणं खालच्या हातांत जातं. बॅच कधीकधी लांबते, हेही सांगून ठेवते. 2021 ची नीट-पीजी सप्टेंबरात झाली आणि सीट वाटपाची प्रवेशप्रक्रिया जानेवारी 2022 मध्ये सुरू झाली, तोवर आधीची मुलं दुप्पट राबत होती. पुढं तीन महिने जिल्हा रुग्णालयातली डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीही येते. बऱ्याच जणांना तिथं पहिल्यांदा थोडा श्वास घ्यायला मिळतो.

म्हणून आत्ता सीट सोडू नका, पण सोडायची नाहीच असंही तिला बजावू नका. दार उघडं आहे हे कळलं की माणूस जास्त नीट विचार करतो. नाइटनंतरच्या दिवशी हा विषय काढायचा नाही, एवढं पथ्य पाळा. तिला आठवडाभराची रजा मिळवू द्या, झोप भरून निघू द्या. मग तिलाच विचारा: पेशंट बघणं नकोसं झालंय, की ज्या परिस्थितीत बघावे लागतात ती? पेशंटच नकोसे झाले असतील तर शाखेचा विचार करायला हवा. परिस्थिती असेल, तर युनिट आणि ड्युट्यांचं काय करता येईल ते बघावं लागेल. तिचं उत्तर आणि बॉण्डची प्रत हाती आली की मला पुन्हा लिहा. तिला स्वतःला लिहायचं असेल तर तिनं लिहावं, दोन ओळी असल्या तरी चालतील.