यूएईत राहताय ना, मग एक विल इथेही रजिस्टर करा (तुमच्या प्रश्नांची उत्तरं)

मागच्या वेळी विलबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि इतके आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीयेत. बहुतेक प्रश्न दुबई, शारजा, अबू धाबीतल्या आपल्या लोकांचे आहेत त्यामुळे उत्तरंही यूएईपुरतीच धरा, कतार किंवा ओमानमध्ये कायदा वेगळा आहे.

प्रश्न (शारजा, इंजिनियर): मी पुण्यात विल केलंय, सबरजिस्ट्रारकडे रीतसर रजिस्टरही केलंय. त्यात दुबईचा फ्लॅट आणि इथली बँक खाती पण लिहिलीयेत. मग परत इथे खर्च कशाला?

दादा, विल केलंत हेच आधी चांगलं केलंत, आपल्याकडे तो विषय काढला तरी घरात "अभद्र बोलू नकोस" म्हणतात. तुमचं पुण्याचं विल इथे बाद ठरतं असं नाही. पण ते इथल्या कोर्टापुढे आणायचं म्हणजे काय ते बघा. आधी भारतात त्याचं अटेस्टेशन (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का), मग यूएईच्या वकिलातीचा शिक्का, मग इथे परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग मान्यताप्राप्त ट्रान्सलेटरकडून अरबी भाषांतर, आणि एवढं झाल्यावर कोर्ट ते तपासणार, शंका असेल तर विचारणार. हे सगळं करणार कोण, तर तुमची बायको, जी त्या वेळी दुःखात आहे आणि जिच्या हातात पैसा नाहीये. इथे रजिस्टर केलेलं विल इथल्याच नोंदीत असतं, ते खरं आहे का हा प्रश्नच येत नाही आणि पुढचं काम त्या कागदावरून सुरू होतं.

दुसरं म्हणजे स्थावर मालमत्ता जिथे असते तिथला कायदा तिला लागतो. भारतातल्या घर-जमिनीला भारतीय वारसा कायदाच लागणार, तुम्ही कुठेही राहत असा. तसंच दुबईच्या फ्लॅटबद्दल विल केलं तर त्याला यूएईचा कायदा लागतो. म्हणून माझा सल्ला कायम हाच की दोन विल करा, भारतातल्या मालमत्तेचं भारतात आणि इथल्याचं इथे.

फक्त एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. जवळपास प्रत्येक विलच्या सुरुवातीला एक ओळ असते की "यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो". इथे विल करताना ही ओळ तशीच राहिली तर तुमचं पुण्याचं विल तुम्ही स्वतःच रद्द केलंत असा अर्थ निघू शकतो. मी अशी विल पाहिलीयेत, चांगल्या शिकलेल्या लोकांची, आणि टायपिंग सेंटरमधून (अर्ज-कागद टाइप करून देणाऱ्या दुकानातून) तयार फॉरमॅट घेतला की हे हमखास होतं. दोन्ही विलमध्ये स्पष्ट लिहून घ्या की हे विल फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरतं आहे आणि दुसऱ्या देशातलं विल कायम आहे.

प्रश्न (दुबई, गृहिणी): ह्यांचं म्हणणं आहे की आपलं सगळं जॉइंट आहे, मला काही झालं तर तुला आपोआप मिळेल. खरं आहे का?

नाही ताई, आणि हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

इथे बँकेला खातेदार गेल्याचं कळलं की खातं गोठतं. जॉइंट खातं असलं तरी गेलेल्या माणसाचा हिस्सा बँक थांबवते, वारस कोण हे कोर्टाकडून येईपर्यंत. "दोघांपैकी जो राहील त्याचं" अशी आपल्याकडच्या बँकेत सोय असते ती इथे आपोआप लागू आहे असं धरून चालू नका. प्रत्यक्षात कार्डही बंद होतं, कारण कार्ड त्याच खात्यावर. आता तुमच्या घरात त्या खात्यातून काय काय जातं ते आठवा, घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक दिलेले असतात, शाळेची फी असते, गाडीचा हप्ता, दीवाचं (दुबईच्या वीज-पाणी खात्याचं) बिल. चेक वटला नाही तर घरमालक थांबेल की नाही हे त्याच्यावर.

माझ्या ओळखीतल्या एका घरात नवरा अचानक हार्ट अटॅकने गेला, वय पंचेचाळीसच्या आत, पगार चांगला, खात्यात पैसे चांगले, आणि तिसऱ्या दिवशी तिच्याकडे मुलांना घेऊन भारतात जायच्या तिकिटाचे पैसे नव्हते. बिल्डिंगमधल्या लोकांनी गोळा करून दिले. ती मला म्हणाली होती, पैसे होते ताई, दिसत पण होते अ‍ॅपवर, फक्त हात लावता येत नव्हता. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही आणि खरं सांगायचं तर हे उत्तर लिहायचं कारणही तेच आहे.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर त्याचा अर्धा तुमचाच, पण उरलेला अर्धा वारसाच्या भानगडीत जाणार. गाडी त्यांच्या नावावर असेल तर विकताही येत नाही. ग्रॅच्युइटी आणि राहिलेला पगार कंपनीने कुटुंबाला द्यायचा असतो, पण तोही पुष्कळदा गोठलेल्या खात्यातच येऊन पडतो म्हणून कंपनीच्या एचआरला आधी विचारून ठेवा. आणि तुमचा व्हिसा त्यांच्या स्पॉन्सरशिपवर असेल तर तोही प्रश्न त्याच आठवड्यांत उभा राहतो.

आजच करायचं काम विलच्याही आधीचं आहे. तुमच्या एकटीच्या नावावर एक खातं उघडा आणि त्यात निदान सहा महिन्यांचा घरखर्च कायम ठेवा. विल असलं तरी कोर्टाचा आदेश हातात येईपर्यंत वेळ जातोच, तेवढा वेळ हे खातं तुम्हाला सांभाळेल.

प्रश्न (अबू धाबी): आता नवीन कायदा आलाय ना, मुस्लिमेतर लोकांचं अर्धं बायकोला आणि अर्धं मुलांना. आम्हाला तसंच हवंय, मग विल कशाला करायचं?

कायदा बरोबर सांगितलात. २०२२ चा ४१ क्रमांकाचा फेडरल कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला आणि विल नसेल तर निम्मं जोडीदाराला, निम्मं मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. अबू धाबीत तर २०२१ पासूनच स्वतःचा तसा कायदा आहे. पूर्वीपेक्षा परिस्थिती खूप सुधारली हे मी मनापासून मान्य करते.

पण त्याच कायद्यात अशीही सोय आहे की रजिस्टर्ड विल नसेल तर कुठलाही एक वारस म्हणू शकतो की मला आमच्या देशाचा कायदा लावा. आकड्यात बघा. समजा इथली मालमत्ता १२ लाख दिरहम, मागे बायको, दोन मुलं आणि नवऱ्याची आई. इथल्या कायद्याने बायकोला ६ लाख, मुलांना ३-३ लाख, आईला काही नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, दोन्ही मुलं आणि आई, चौघांना सारखं म्हणजे प्रत्येकी ३ लाख. बायकोचे निम्मे गेले. आता सासूबाईंनी किंवा त्यांच्या वतीने दिराने हा मुद्दा काढला तर? त्यात कोणी वाईट असतं असं मी म्हणत नाही, म्हातारपणी आधार गेलेल्या आईची पण बाजू असतेच की. म्हणूनच म्हणते की आईला किती द्यायचं ते तुम्ही जिवंतपणी ठरवून लिहा, सून आणि सासूला कोर्टात समोरासमोर उभं करू नका. वडिलांचं तर त्याहून अवघड, हिंदू कायद्यात ते पहिल्या वर्गाचे वारसच नाहीत, गेलेल्या माणसाला मुलं असतील तर त्याचे वडील दोन्ही कायद्यांत रिकाम्या हाताने राहतात.

आणि मुलं लहान असतील तर त्यांच्या वाट्याचा पैसा आईच्या हातात मोकळा मिळत नाही, त्यावर कोर्टाची देखरेख असते, फ्लॅट विकायचा तरी परवानगी लागते. विलमध्ये तुम्ही सगळं जोडीदाराच्या नावे करू शकता, बहुतेक जोडपी तेच करतात, एकमेकांच्या नावे आणि दोघंही गेलो तर मुलांना. याला इथे मिरर विल म्हणतात.

प्रश्न (दुबई, आईवडील दोघंही नोकरीत): पैशाचं सोडा, आम्ही दोघं एकाच गाडीत असतो. आमच्या मुलीचं काय?

तुमच्या प्रश्नाने पोटात गोळा आला, पण विचारलंत ते फार बरं केलंत.

विलमध्ये गार्डियन, म्हणजे आपल्या मागे मुलांना सांभाळणारा पालक, नेमता येतो आणि माझ्या मते लहान मुलं असलेल्या घरात विलचं हेच पहिलं कारण आहे. दोन गार्डियन लिहा. एक तात्पुरता, इथेच राहणारा, शेजारी किंवा मित्र, जो त्याच रात्री मुलीला आपल्या घरी नेऊ शकेल. दुसरा कायमचा, भारतातला मामा, मावशी, काका, जो येऊन तिला घेऊन जाईल. आजी-आजोबांचं नाव भावनेने लिहितात लोक, पण सत्तरीतल्या माणसाला तीन वर्षांचं मूल किती वर्षं सांभाळता येईल याचा विचार करा आणि पर्यायी नाव द्याच. ज्यांची नावं लिहाल त्यांना आधी विचारा. शेवटी कोर्ट मुलीचं हित बघूनच ठरवतं, पण आईवडिलांनी स्वतः लिहून ठेवलेलं नाव असलं की त्याला वजन असतं.

प्रश्न (मूळ रत्नागिरी, आता दुबई): आम्ही मुस्लिम आहोत. आम्हाला यातलं काही लागू आहे का?

भाई, वाटणी शरियतप्रमाणेच होईल. वसियत एक तृतीयांशापर्यंत करता येते आणि ती जे वारस नाहीत त्यांच्यासाठी असते, वारसालाच जास्त द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. तरी मुलांच्या पालकत्वाबद्दल आणि कर्ज-देण्यांबद्दल लिहून ठेवणं तुम्हालाही तितकंच गरजेचं आहे. बायकोच्या वेगळ्या खात्याचं वर लिहिलंय तेही.

प्रश्न (अनेकांचा): विल करायचं कुठे आणि खर्च किती?

मुख्य तीन ठिकाणं. डीआयएफसी, म्हणजे दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राच्या कोर्टाची विल सेवा, ही २०१५ पासून आहे, सगळं इंग्रजीत चालतं, मुस्लिमेतर लोकांसाठी, वय २१ पूर्ण हवं. दुसरं दुबई कोर्टाचं नोटरी, तिथे अरबी भाषांतर लागतं. तिसरं अबू धाबी ज्युडिशियल डिपार्टमेंट. फीमध्ये खूप फरक आहे, डीआयएफसी सगळ्यात महाग आणि अबू धाबी बरंच स्वस्त, शिवाय व्हिडिओ कॉलवर काम होतं. दुबईत फ्लॅट आणि लहान मुलं असतील तर मी डीआयएफसीकडे झुकते, कारण कामाची पद्धत ठरलेली आहे. नुसती बँक खाती आणि ग्रॅच्युइटी असेल तर स्वस्त पर्याय पुरे, महागडं विल करू म्हणत पाच वर्षं काहीच न करणारे मला खूप भेटतात.

लिहिताना एकेक खाते नंबर घालत बसू नका, खाती बदलतात. "यूएईतली माझी सर्व मालमत्ता" असं व्यापक लिहून घ्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. मूल झालं, घटस्फोट झाला, गार्डियन देश सोडून गेला की विल बदला.

प्रश्न (शारजा): भारतात सगळीकडे नॉमिनी लावलाय आणि भावाकडे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आहे. पुरेसं आहे ना?

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी माणूस गेला त्याच क्षणी संपते. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबद्दल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलंय की नॉमिनीच्या हातात पैसे आले तरी हक्क वारसांचा. तेव्हा भारतातलं विलही कराच, दोन साक्षीदारांच्या सहीने.

प्रश्न (दुबई): विल झालं, आता मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला तर चालेल?

नको, तुमच्या एकट्याच्या नावचा लॉकर असेल तर तोही तुमच्या मागे लगेच उघडणार नाही. कॉपी घरात ठेवा, एक एक्झिक्युटरकडे (विलप्रमाणे वाटणी करायला तुम्ही नेमलेल्या माणसाकडे) द्या, आणि रजिस्ट्रेशन नंबरचा फोटो बायकोच्या फोनमध्ये आजच पाठवा.