रत्नपरीक्षा : वाचकांचे प्रश्न
टीव्हीवरून घेतलेले माणिक

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका असून ठाण्यात चरईला राहते. गेली तीन वर्षे दुपारची कामे आटोपली की मी एका खरेदी वाहिनीवरचा रत्नांच्या दागिन्यांचा कार्यक्रम नेमाने पाहत असे. त्या काळात माणकाची अंगठी, पुष्कराजाचे पदक आणि खड्यांची चांदीची कानातली असे बरेच काही मी फोनवरून मागवले. गेल्या महिन्यात अंगठी बोटाला घट्ट होऊ लागली, म्हणून जांभळी नाक्याजवळच्या आमच्या नेहमीच्या सोनारांकडे ती मोठी करायला नेली. त्यांनी भिंगातून पाहिले आणि "काकू, याला मी ज्योत लावणार नाही, आत काच भरलेली आहे," असे सांगून ती परत दिली. सोबत आलेल्या प्रमाणपत्रावर मात्र 'नैसर्गिक माणिक' असे छापलेले आहे. वाहिनीला फोन केला, तर परत करण्याची मुदत संपली असे उत्तर मिळाले. प्रमाणपत्र खोटे आहे का? बाकीचे दागिनेही तसेच असतील का? आणि पैसे परत मिळण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर : आधी आपल्या सोनारांचे आभार माना. अंगठी मोठी करायची तर ती कापून, तुकडा घालून जोडावी लागते, आणि त्या ज्योतीच्या उष्णतेने आतली काच वितळून किंवा तडकून खडा कायमचा खराब झाला असता. मग दोष वाहिनीवर न येता त्यांच्यावर आला असता.

काच भरलेले माणिक म्हणजे काय, हे नीट सांगायला हवे, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. खाणीतून निघणारे बरेचसे माणिक इतके चिरांनी भरलेले आणि अपारदर्शक असते की त्याला पैलू पाडूनही शोभा येत नाही. असा माल आम्लाने धुऊन, शिसेयुक्त काचेच्या भुकटीबरोबर भट्टीत तापवला जातो. वितळलेली काच चिरांमध्ये शिरते, आणि शिशामुळे तिचा प्रकाश वळवण्याचा गुण माणकाच्या जवळ जाणारा असल्याने चिरा डोळ्यांना दिसेनाशा होतात. साधारण 2004 पासून असा माल बाजारात मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. दहापट भिंगाखाली खडा हळूहळू फिरवला तर आत निळसर किंवा नारिंगी झळाळी चमकून जाते आणि काचेतले हवेचे बुडबुडे दिसतात. आपल्या सोनारांनी बहुधा हेच पाहिले असावे. या खड्याला लिंबाचा रससुद्धा सोसत नाही, त्यामुळे सरबत करताना अंगठी बोटात असेल तर पृष्ठभागावरची काच खरवडल्यासारखी होऊ शकते.

तेव्हा आपले प्रमाणपत्र बहुधा खोटे नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. खनिज या अर्थाने खडा माणिकच आहे आणि जमिनीतूनच निघालेला आहे, म्हणून 'नैसर्गिक माणिक' हे शब्द ठळक छापता येतात. आता ते कार्ड पुन्हा हातात घ्या आणि सगळ्यात खालची, 'शेरा' किंवा 'कॉमेंट्स' या शब्दापुढची बारीक अक्षरांतली ओळ वाचा. तिथे काच भरल्याचा उल्लेख इंग्रजीत असण्याची बरीच शक्यता आहे. तो नसेल, तर ते प्रमाणपत्र कामाचे नाही आणि तक्रारीसाठी तोच आपला सर्वांत बळकट पुरावा ठरेल. रत्न खरे की खोटे, हा प्रश्न आपण सगळेच विचारतो आणि विक्रेत्याला तो सोयीचा असतो, कारण 'खरे' असे उत्तर देऊन तो मोकळा होतो. त्या रत्नावर काय काय केले आहे, हा प्रश्न त्याला अडवतो.

इथे एक गैरसमज होऊ नये. रत्नावर काही प्रक्रिया झाली म्हणजे फसवणूक झाली, असे नाही. माणिक आणि नीलम नुसते तापवून त्यांचा रंग खुलवणे ही व्यापारात सर्वमान्य गोष्ट आहे आणि तो रंग टिकतो. पाचूच्या चिरांत तेल जिरवण्याची चाल तर फार जुनी आहे. दुकानात मिळणारा बहुतेक निळा टोपाझ मुळात रंगहीन असतो आणि किरणोत्सर्ग व उष्णता देऊन तो निळा केलेला असतो. प्रक्रिया सांगितली आणि किंमत तिच्या हिशेबाने लावली, तर तक्रारीला जागा उरत नाही. काच भरलेल्या माणकाची किंमत मात्र केवळ तापवलेल्या चांगल्या माणकाच्या अगदी किरकोळ अंशाइतकीच असते, म्हणून तिथे मौन बाळगणे हे खोटे बोलण्याइतकेच गंभीर मानले पाहिजे. हे मौन केवळ वाहिन्याच बाळगतात असे नाही, पेढीवरही ते चालते. पण पेढीवर आपण खडा उजेडात धरून पाहू शकतो आणि उद्या पुन्हा येऊन जाब विचारू शकतो.

पडद्यावर हे दोन्ही जमत नाही. पाच मिलिमीटरचा खडा कॅमेरा भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवतो, फिरत्या चकतीवर ठेवून त्यावर चारी बाजूंनी दिवे सोडलेले असतात, आणि अशा उजेडात काचेचा मणीसुद्धा लखलखतो. वजनाचेही तसेच आहे. 'एकूण दहा कॅरेट' म्हणजे दहा कॅरेटचा एक खडा नव्हे, तर चाळीस बारीक खड्यांची बेरीज असू शकते. मोठ्या खड्याचा दर कॅरेटमागे झपाट्याने वाढत असल्याने या दोन गोष्टींच्या मोलात जमीनअस्मानाचे अंतर पडते. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. पडद्याच्या कोपऱ्यात उलटी मोजणी चालू असताना हा हिशेब कोणाला सुचणार? निवेदिका 'ताई, शेवटचे सातच नग उरलेत' म्हणते, ती तिच्यासमोर ठेवलेली संहिता वाचत असते. तिच्यावर मी फार रागावत नाही.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी खरेदी वाहिन्यांवर काही वर्षे अँडेसिन नावाचे लाल रत्न दुर्मीळ आणि नैसर्गिक म्हणून विकले गेले, त्याची खाण तिबेटमध्ये असल्याचेही सांगितले जाई. 2008 च्या सुमारास हे उघड झाले की फेल्डस्पार या खनिजाच्या फिकट पिवळ्या खड्यांमध्ये उष्णतेने तांबे भिनवून तो लाल रंग आणलेला होता. त्यावर ग्राहकांनी सामूहिक दावे दाखल केले. गंमत म्हणजे तांब्यामुळे लाल झालेला अस्सल फेल्डस्पार अमेरिकेच्याच ओरेगॉन राज्यात सापडतो.

आपल्या बाकीच्या दागिन्यांपैकी पुष्कराजाचे पदक तपासून घ्या. पुष्कराज या नावाखाली आपल्याकडे पिवळा नीलम, टोपाझ आणि सुनेला अशी तीन निरनिराळी खनिजे विकली जातात. सुनेला हा क्वार्ट्झ असून तो पुष्कळदा जांभळा अ‍ॅमेथिस्ट तापवून बनवलेला असतो, आणि त्याची व पिवळ्या नीलमाची किंमत एका तागडीत तोलण्यासारखी नाही. चांदीच्या कानातल्यांची फार चिंता करू नका. त्यांतले पांढरे खडे 'अमेरिकन डायमंड' म्हणून विकलेले असतील, तर ते कृत्रिम क्यूबिक झिरकोनिया आहेत. फक्त बिलावर 'जर्मन सिल्व्हर' लिहिलेले नाही एवढे पाहा, कारण त्या मिश्रधातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी अजिबात नसते.

आता पैशांविषयी. पहिले पाऊल म्हणजे अंगठी मुंबईतल्या एखाद्या मान्यताप्राप्त रत्न प्रयोगशाळेत देऊन लेखी अहवाल घेणे. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया हे त्यांतले जुने नाव आहे. तो अहवाल, बिल, मूळ कार्ड आणि फोनवरच्या संभाषणाच्या तारखा जोडून कंपनीला लेखी नोटीस पाठवा. 'आम्ही फक्त कार्यक्रम दाखवतो, विक्रेता वेगळा आहे' असे उत्तर येण्याची शक्यता धरून बिलावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांना ती पाठवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. एवढ्याने भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. कंपनीचे कार्यालय कुठल्याही राज्यात असले तरी ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील द्यायलाच हवा असेही नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. उशिराचे सबळ कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो, तरी माणकाचे बिल किती जुने आहे हे आजच पाहा. वाहिनीने सांगितलेली परत करण्याची मुदत हा तिचा अंतर्गत नियम आहे. लपवलेल्या दोषाविषयीचा आपला हक्क त्या मुदतीने संपत नाही.

प्रश्न : माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. साडेसाती सुरू झाल्यापासून टीव्हीवरच्या जाहिराती पाहून ते 'भाग्यरत्ने' मागवतात. आता सव्वापाच रत्तीचा नीलम मागवला आहे. त्यांना कसे समजवावे? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : श्रद्धेवर वाद घालू नका, वजन विचारा. रत्ती हे माप सगळीकडे सारखे नाही. सोनारांची जुनी रत्ती सुमारे 120 मिलिग्रॅमची, तर रत्नविक्रीतली सुमारे 180 मिलिग्रॅमची असते, म्हणून वजन ग्रॅममध्ये किंवा कॅरेटमध्ये बिलावर लिहून मागा. राहिला जाहिरातीचा प्रश्न. वस्तूला चमत्कारी गुण असल्याचे सांगून ती टीव्हीवरून विकणे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदा आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये दिलेला आहे. ते प्रकरण रत्नाचे नव्हे, देवाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ताईतवजा यंत्राच्या जाहिरातीचे होते. वडिलांना आपल्यापेक्षा न्यायालयाचे म्हणणे लवकर पटेल, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : वाहिनीवरून घेतलेल्या सोन्याच्या अंगठीवर हॉलमार्क आहे. म्हणजे खडाही तपासलेला असतो ना? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : नाही. हॉलमार्क फक्त धातूच्या शुद्धतेची हमी देतो. अंगठीवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (18 कॅरेटसाठी 750) आणि एचयूआयडी हा त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये टाकून पाहता येतो. सोन्याचे कॅरेट शुद्धता सांगते आणि रत्नाचे कॅरेट वजन, नाव तेवढे एक. खड्यासाठी वेगळा अहवाल घ्या आणि अंगठीचे वजन बिलावर खड्यासकट लावले आहे की खडा वगळून, हेही विचारा.