नेमबाजी : तुमचे प्रश्न

प्रश्न : मुलगी (वय १५) बालेवाडीला १० मीटर एअर रायफल खेळते. दुकानात छर्ऱ्यांच्या डब्यांवर ४.४९, ४.५० अशी मापं दिसतात. सगळ्यांत महाग डबी घ्यावी का? एकेक छर्रा वजन करून निवडावा, असंही कुणी सुचवलं.
– एक पालक, कोथरूड

उत्तर : किमतीवर जाऊ नका, निवड बॅरलला (रायफलच्या नळीला) करू द्या. डबीवरचं माप म्हणजे छर्ऱ्याच्या डोक्याचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, व्यास मिलिमीटरमध्ये. एकाच कंपनीच्या दोन रायफलींपैकी एकीला ४.४९ मानवतो, दुसरीला ४.५०. वाचून ते कळत नाही, मारूनच पाहावं लागतं.

दोन-तीन मापांची एकेक डबी आणा. रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) आवळा, म्हणजे मुलीच्या हाताची चूक मोजमापात येणार नाही. डबी बदलली की पहिले १५-२० छर्रे मोजायचे नाहीत, कारण बॅरलमध्ये आधीच्या छर्ऱ्यांच्या शिशाचा थर असतो. मग प्रत्येक मापाचे १० छर्ऱ्यांचे तीन ग्रुप (एकाच निशाण्यावर पडलेल्या भोकांचे पुंजके) मारा. पाच छर्ऱ्यांचा एखादाच सुंदर ग्रुप पाहून भुलू नका, तो नशिबानेही पडतो.

ग्रुप व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. ६ मिमीचा ग्रुप म्हणजे छर्ऱ्यांच्या केंद्रांमध्ये जास्तीत जास्त दीड मिमी अंतर. टोकाचा छर्राही मध्यापासून साधारण पाऊण मिमीवर, म्हणजे १०.७ गुण. ग्रुप ७ मिमीचा झाला की तोच छर्रा १०.५ वर येतो. दशांश गुणांत दर पाव मिमीला ०.१ जातो आणि सामना ६० शॉटचा असतो, म्हणून ही खटपट करायची.

ग्रुप उभा लांबट पडला तर छर्ऱ्याला दोष देण्याआधी रायफलचा वेग तपासा. १७० मीटर प्रति सेकंद वेगाने १० मीटर जाताना छर्रा सुमारे १७ मिमी खाली येतो. वेगात ३ मीटरचा फरक पडला तरी साधारण ०.६ मिमीची चूक होते. बहुतेक वेळा रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा हवेच्या सिलिंडरचा कमी झालेला दाब कारण असतो. ग्रुप सगळीकडे विस्कटला तर आधी स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू पाहा.

वजनाचं म्हणाल, तर ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्यात ०.००५ ग्रॅम इकडेतिकडे झाले तर नुकसान जेमतेम ०.२ मिमीचं. तो वेळ मागची कडा पाहण्यात घालवा. छर्रा उजेडात धरून फिरवा. घेर कुठे चेपलेला असेल तर तो सरावालाही नको. डबी एकदा हातातून पडली तरी कितीतरी छर्रे असे होतात.

माप ठरलं की त्याच लॉट नंबरच्या (एकाच खेपेत बनलेल्या) डब्या एकदम घ्या. रोज १०० शॉट, आठवड्याला पाच दिवस धरले तर ५०० ची एक डबी आठवड्यात संपते. सहा महिन्यांना २५-२६ लागतील. लॉट बदलला किंवा बॅरल बदललं की चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : पावसाळ्यात छर्ऱ्यांवर पांढरी पूड येते. पुसून वापरावेत का?
– वाचक, औंध

उत्तर : नाही, ते बाजूला काढा. दमट हवेत शिशावर असा थर चढतो, लाकडी कपाटात जास्तच, कारण लाकडातून आम्लाची वाफ सुटते. डबी सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. ती पूड विषारी असते. फुंकून उडवू नका. सराव संपला की मुलांना साबणाने हात धुवायला लावा, जेवणाचा डबा त्यानंतरच उघडू द्या.