वाचकांचे प्रश्न : जुनी आलिशान गाडी, वारंवार तापणारे इंजिन

प्रश्न : माझ्याकडे 2012 सालची जर्मन बनावटीची पेट्रोल सेडान आहे. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारा भाग) आणि नंतर वॉटर पंप बदलूनही कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होते व इंजिन तापते. आता गॅरेजवाले इंजिन उघडायला सांगत आहेत. खर्च करावा की गाडी विकावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : इंजिन उघडण्याची परवानगी एवढ्यात देऊ नका. या वर्गातील अनेक गाड्यांमध्ये थर्मोस्टॅटचे आवरण, पाइपांचे जोड आणि कूलंटची टाकी प्लास्टिकची असते. वर्षानुवर्षे उष्णता सोसून ते प्लास्टिक ठिसूळ होते, आणि एक भाग नवा बसवून यंत्रणेतील दाब पूर्ववत झाला की शेजारचा जुना जोड गळू लागतो. त्यामुळे आधी थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट, म्हणजे कूलंटच्या यंत्रणेत दाब भरून गळती शोधण्याची चाचणी, करून घ्या. बाहेर कुठेच गळती सापडली नाही, तर कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू मिसळत आहेत का, हे रसायनाच्या साहाय्याने तपासता येते. तसे आढळले, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांमधील सीलचा, संशय रास्त ठरतो. ॲल्युमिनियमचे हेड अति तापल्यास वाकते, म्हणून तापमानाची सूचना दिसताच गाडी थांबवा आणि इंजिन गरम असताना टाकीचे झाकण मुळीच उघडू नका. उकळते कूलंट अंगावर उडून माणूस गंभीर भाजतो, हे कळकळीने सांगतो.

गळती बाहेरची असेल, तर प्लास्टिकचे सगळे जुने जोड एकाच वेळी बदला, म्हणजे मजुरी पुन्हापुन्हा पडणार नाही. हेडचेच काम निघाले, तर लेखी अंदाजपत्रक घ्या. ते गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यापुढे जात असेल, तर माझ्या मते खरेदीदाराला दोष स्पष्ट सांगून गाडी विकावी.