ओसीडीत गोळी आणि थेरपी मेंदूत नेमकं काय करतात

नमस्कार वहिनी. तुम्ही लिहिलंय की मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत, गॅस आणि कुलूप तपासण्यात रोज तास-दीड तास जातोय, त्यांना ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार परत परत येऊन तीच गोष्ट परत परत करावीशी वाटण्याचा आजार, आता सायकियाट्रिस्टनी सर्ट्रालिन नावाची गोळी चालू केलीय आणि सोबत थेरपीलापण पाठवलंय. तीन आठवडे झाले, फरक काही नाही, उलट पोट बिघडलंय, आणि सासूबाई म्हणतात की आजार मेंदूतल्या केमिकलचा असेल तर बोलून कसा जाणार, आणि बोलून जाणारा असेल तर गोळ्या कशाला गिळायच्या. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, बऱ्याच जणांच्या मनात असतो पण डॉक्टरला विचारायचं धाडस होत नाही. मला स्वतःला हाच आजार बरीच वर्षं आहे, माझंपण गॅस आणि कुलूपच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, डोसचं काय ते तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

आधी मेंदूत काय होतं ते. कपाळाच्या मागं, डोळ्यांच्या वरच्या बाजूला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स म्हणून भाग आहे, काहीतरी चुकलंय, धोका आहे असं वाटायला लावण्यात त्याचा मोठा हात. तिथून निरोप आत खोलवर कॉडेट नावाच्या भागात जातो, कुठला निरोप पुढं सोडायचा आणि कुठला अडवायचा हे तिथं ठरतं, मग थॅलॅमस नावाच्या भागाकडं, आणि थॅलॅमसकडून परत कपाळामागं. बाकीच्यांचं गॅस बंद केला की हे चक्र शांत होतं. ओसीडीत होत नाही, दारावरच्या बेलचं बटण अडकून बसावं तसं, दारात कोणी नाही हे दिसतंय पण बेल वाजतीच आहे. म्हणून "अहो बंद आहे की, दिसत नाही का" असं म्हणून उपयोग नसतो. दिसतंय त्यांना.

आता केमिकल. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्यातलं एक केमिकल. ते कमी पडलं म्हणून ओसीडी झाला असं सगळीकडं ऐकायला मिळतं, ते इतकं सरळ नाही. सेरोटोनिनचा संबंध आहे हे मुख्यतः औषधांवरून कळलं. क्लोमिप्रामिन नावाची जुनी गोळी सेरोटोनिनवर जोरात काम करते आणि ती ओसीडीवर चालली, अमेरिकेत 1989 साली तिला ओसीडीसाठी मान्यता मिळाली. डेसिप्रामिन ही तिच्याच जातीतली गोळी, डिप्रेशनवर चांगली चालते पण काम करते नॉरएपिनेफ्रिन ह्या दुसऱ्याच केमिकलवर, तिचा ओसीडीवर फारसा उपयोग झाला नाही. तुमच्या मिस्टरांची सर्ट्रालिन, तसंच फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटॅलोप्राम ह्या सगळ्या सेरोटोनिनवाल्या. दोन पेशींच्या मधल्या फटीत सेरोटोनिन सोडलं जातं आणि पहिली पेशी ते परत ओढून घेते, गोळी ते परत ओढणं अडवते. हे काम पहिल्या काही तासांतच सुरू होतं. मग फरक लगेच का नाही पडत? कारण पेशीवर सेरोटोनिन मोजणारे रिसेप्टर असतात, माल जास्त झाला दिसला की ते पेशीला सोडणं कमी करायला लावतात. ते रिसेप्टर थंड पडायला आठवडे जातात. गिनी पिगवरच्या प्रयोगात मेंदूच्या पुढच्या बाकीच्या भागात हे तीनेक आठवड्यांत झालं पण ऑर्बिटोफ्रंटल भागात आठेक आठवडे लागले, म्हणजे ओसीडीत जो भाग तापलेला असतो नेमका तोच सगळ्यात उशिरा ऐकतो. माणसांतही अनुभव तसाच आहे, डिप्रेशनपेक्षा डोस बहुतेक वेळा जास्त लागतो आणि पूर्ण अंदाज यायला 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात. त्यामुळं तीन आठवड्यांत "औषध लागू पडत नाही" असा निकाल देऊ नका, आणि डॉक्टरांनी 50 मिलिग्रॅमचं 100 किंवा पुढं 150 केलं तर आजार वाढला म्हणून घाबरूही नका, ओसीडीत सर्ट्रालिन 200 पर्यंत नेतात.

आणि आता सासूबाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर. 1992 साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये लुईस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओसीडीच्या 9 पेशंटना फ्लुओक्सेटिन दिली आणि दुसऱ्या 9 जणांना फक्त बिहेवियर थेरपी, एकही गोळी नाही, आणि उपचाराआधी व 10 आठवड्यांनी सगळ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढले, म्हणजे कुठला भाग किती ग्लुकोज वापरतोय, किती काम करतोय हे दाखवणारे स्कॅन. ज्यांना बरं वाटलं त्यांच्या उजव्या कॉडेटमधला ग्लुकोजचा वापर कमी झालेला दिसला, गोळीवाल्यांतही आणि थेरपीवाल्यांतही. ज्यांना फरक पडला नाही त्यांच्यात तसा बदल नाही. पेशंट थोडे होते, हे मान्य, पण 1996 साली ह्याच टीमनं थेरपीवर परत अभ्यास केला तेव्हाही तसंच दिसलं. सांगायचं एवढंच की बोलणं वेगळीकडं पोचतं आणि गोळी वेगळीकडं असं नाहीये, शिकणं हीसुद्धा मेंदूत घडणारी केमिकल गोष्टच आहे, पेशींचे जोड त्यानं बदलतात.

फक्त ही थेरपी म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. लहानपणी काय झालं, मन मोकळं करा, ह्यानं ओसीडी हलत नाही. जी लागते ती ईआरपी, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर जायचं आणि तपासणं, धुणं, खात्री करणं ते करायचं नाही. मला दिलेलं एक काम सांगतो. रात्री शेगडीचं बटण एकदा बंद करायचं, रेग्युलेटर एकदा फिरवायचा, मोबाईलवर फोटो काढायचा नाही (माझी गॅलरी रेग्युलेटरच्या फोटोंनी भरलेली असायची), कुलूप लावायचं, ओढून बघायचं नाही आणि थेट रंकाळा तलावावर जाऊन बसायचं. भेळेच्या गाडीशेजारी बसलो होतो, चिंच-कांद्याचा वास सुटलेला, तरी माझ्या नाकाला गॅसचा वास येत होता, खरोखर येत होता. तळहात ओले, पाय घराकडं ओढ घेत होते. परत न जाता बसून राहिलो आणि भीती हळूहळू आपोआप उतरली, काहीही न तपासता उतरली. मेंदूला जे शिकायचं असतं ते हेच. ह्यात जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते की तपासलं नाही तरी काही झालं नाही, आणि कपाळामागचा भाग त्या आठवणीच्या जोरावर भीतीला आवरतो. म्हणूनच हे घरी, गावाला, कामावर, वेगवेगळ्या ठिकाणी परत परत करावं लागतं, नाहीतर ताणाच्या दिवसांत जुनी भीती वर येते.

2005 साली अमेरिकेत एडना फोआ आणि इतरांनी 122 पेशंटवर केलेल्या ट्रायलमध्ये, ज्यांनी 12 आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला त्यांच्यातल्या ईआरपीवाल्यांपैकी 86 टक्क्यांना फरक पडला, फक्त क्लोमिप्रामिनवाल्यांपैकी 48 आणि खोट्या गोळीवर 10. मग गोळी बंदच करू का असं म्हणू नका. तिथं थेरपी मुरलेल्या लोकांनी आणि सुरुवातीला जवळजवळ रोज केली होती, आपल्याकडं तसं मिळणं अवघड, आणि भीती इतकी चढलेली असते की गोळीनं जरा खाली आल्याशिवाय माणूस रंकाळ्यापर्यंत पोचतच नाही. माझ्या मते मिस्टरांचा इतका वेळ जात असेल तर दोन्ही एकत्रच करावं.

तुमच्या हातात एक फार मोठी गोष्ट आहे. फौंड्रीतून फोन करून ते तुम्हाला "गॅस बंद आहे ना" विचारतात आणि तुम्ही "आहे हो" म्हणता असं लिहिलंय. प्रेमापोटी म्हणता, पण तेही तपासणंच झालं, फक्त तुमच्या डोळ्यांनी केलेलं. त्यानं चक्र परत पहिल्यापासून सुरू होतं. मात्र एकदम बंद करू नका आणि भांडून तर नकोच, थेरपिस्ट आणि तुम्ही दोघं असं तिघांनी बसून ठरवा की आधी दिवसात किती फोन, मग किती कमी. उत्तरादाखल "तुम्हाला भीती वाटतीय हे कळतंय, पण ह्याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय" एवढं पुरतं.

पोटाचं म्हणाल तर मळमळ, जुलाब, झोप उडणं हे सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत कमी होतं, जेवणानंतर घेतली तर चालेल का ते विचारा. ह्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण अचानक सोडल्या तर चक्कर, अंगात करंट मारल्यासारखं, चिडचिड होते, आणि आजारही उलटू शकतो, त्यामुळं बरं वाटल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवून डॉक्टर हळूहळू कमी करतात. खूप बेचैनी वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. थेरपीचा खर्च झेपत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत आधी चौकशी करा, आणि थेरपिस्ट कुणीही असू दे, पहिल्याच भेटीत विचारा की ईआरपी करता का आणि घरी करायची कामं देता का. दोन्हीला नाही म्हणाले तर दुसरा शोधा.