पाऊस थांबल्यावर सह्याद्रीत सुळक्यांवर चढाई कधीपासून सुरू करावी?

तुम्ही विचारलंय, 'घटस्थापनेपासून आमच्या ग्रुपवर नुसती चुळबुळ चाललीय. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सुळका मारायला निघालो तर चालेल का?' ट्रेकला खुशाल निघा. रोप लावून कातळाला भिडायचं असेल तर दिवाळीपर्यंत कळ काढा. का, ते जरा पाल्हाळ लावून सांगतो.

चुळबुळ मलाही होते. जूनमध्ये रोप गुंडाळून माळ्यावर टाकला की चार महिने भिंतीवरचे रंगीबेरंगी प्लास्टिकचे होल्ड धरून लोंबकळायचं. त्याने बोटं तयार होतात, मन मात्र भरत नाही. मग दसरा येतो. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर हार्नेस, हेल्मेट, हातोडी, बोल्टला रोप अडकवायचे क्विकड्रॉ असं सगळं मांडून पूजा होते. आई प्रत्येक कॅराबिनरला, म्हणजे स्प्रिंगच्या झडपेच्या कडीला, मनापासून हळदकुंकू लावते आणि दुसऱ्या दिवशी मी जुना टूथब्रश घेऊन स्प्रिंगमध्ये गेलेलं कुंकू काढत बसतो. एवढं झाल्यावर घरात बसवतं कोणाला?

मलाही नाही बसवलं. काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी पहाटेची कसारा लोकल पकडून आसनगावला उतरलो. माहुलीचे सुळके लख्ख दिसत होते, आभाळ निळंशार, कातळ वरून ठणठणीत कोरडा. लीडला, म्हणजे रोप घेऊन सगळ्यात पुढे, मीच. कातळात ठोकलेल्या तिसऱ्या बोल्टच्या वर चार-पाच हात गेल्यावर एक गवताळ टप्पा लागला. कडेला धरायला काही मिळेना म्हणून गवताची जुडी मुठीत घेतली आणि वजन टाकलं. ती मुळासकट, खालच्या ओल्या मुरुमासकट, ओली गोवरी उचलावी तशी अलगद निघून आली. पंधरा-सोळा फूट पडलो. बोल्टने झेललं, बिले देणारा, म्हणजे खालून रोप सांभाळणारा मित्र जागेवरून उचलला गेला आणि माझा घोटा कातळावर आपटला. खाली उतरवलं तेव्हाही ते गवत माझ्या मुठीतच होतं. घोटा सुजल्यामुळे दिवाळीचा फराळ मी पलंगावर बसून खाल्ला.

कातळ कोरडा होता, हीच तर फसगत. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला. दोन थरांच्या सांध्यावर कुठे लाल मातीची पट्टी असते, कुठे भुसभुशीत दगड. गवताळ टप्पे बहुतेक तिथेच तयार होतात. पाऊस फटींमधून आत मुरतो आणि वरचा कडा वाळल्यावरही या सांध्यांतून कित्येक दिवस झिरपत राहतो. म्हणजे उभा कातळ आठवड्यात तयार होतो, पण त्यावरचे टप्पे महिनाभर भरवशाचे नसतात. पावसाचंही वेळापत्रक बघा. हवामान खात्याने २०२० साली तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. तीही सरासरी, नंतर दुपारच्या गडगडाटी सरी येतात त्या वेगळ्याच.

मी आता तारीख बघतच नाही, गवत बघतो. हिरवं असेल तर खाली ओल आहे असं धरून चालतो. पिवळं पडून वाजायला लागलं की निघायचं. शिवाय कड्याचं तोंड कुठे आहे ते पाहतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेकडच्या भिंती उशिरा वाळतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी सावलीत असतो. पण पहिल्या चढाईला त्याचं नावसुद्धा काढू नका.

मधमाश्यांबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. पावसानंतर फुलोरा आला की आग्या मोहोळं कड्यांच्या पोटाला लटकायला लागतात. कर्नाळ्याचा सुळका तर त्यासाठी कुप्रसिद्धच. गेल्या वर्षी मोकळा असलेला मार्ग यंदा मोकळा असेलच असं नाही, त्यामुळे आधी खालून दुर्बिणीने नीट न्याहाळा. पायथ्याला शेकोटी, अंगावर अत्तर, आरडाओरडा, काहीही नको. जमिनीवर असताना पळता तरी येतं. रोपवर लटकलेला माणूस कुठे पळणार?

जुने बोल्ट चार महिने पावसात भिजलेले असतात. हातोडीने हलकेच टिचकी मारून बघा. आवाज खणखणीत न येता बद्द आला, बोल्ट हलला किंवा खाली गंजाचा ओघळ दिसला, तर त्यावर जीव टांगू नका.

पहिला रविवार मुंब्र्यासारख्या सरावाच्या कातळावर घालवा, तोही वरून रोप लावून. मग एखादा ओळखीचा सुळका. वानरलिंगी, तैलबैला वगैरे मोठ्या चढाया डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा. फेब्रुवारी संपेपर्यंत भरपूर वेळ असतो, त्यानंतर कातळ तव्यासारखा तापतो.

तोपर्यंत हात शिवशिवतच असतील तर रोप माळ्यावरून काढा. साध्या गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत इंच-इंच बोटांतून सरकवा. कुठे मऊ पडलेला, चपटा झालेला किंवा आतला पांढरा गाभा डोकावणारा भाग लागला तर तो रोप चढाईतून बाद. माझा मागचा रोप असाच बाद झाला. सध्या गावाला काकांच्या गोठ्यात आहे, म्हैस बांधायला.