हात पुढे, पण नाजूक: बेट की चेक?

प्रश्न: चवथीला घरी भावंडे जमली की आम्ही पैसे न लावता नुसत्या चिप्सवर टेक्सास होल्डेम (पोकर) खेळतो. ब्लाइंड (पाने बघण्याआधी दोघांनी भरायची सक्तीची रक्कम; लहान ती स्मॉल, मोठी ती बिग) 50-100. मी बटणावर (फ्लॉपपासून सर्वांत शेवटी खेळायच्या जागी) होतो, हातात नव्व्यांची जोडी. 300 चा रेझ केला, म्हणजे रक्कम वाढवली. स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली, बिग ब्लाइंडवरच्या चुलतभावाने कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम भरली. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) 650. फ्लॉपला (टेबलावर उघडलेली पहिली तीन सामाईक पाने) किलवर अठ्ठी, चौकट छक्की, इस्पिक दुर्री. त्याने चेक केले (बेट, म्हणजे पैज, न लावता पाळी पुढे दिली), मीही केले. टर्नला (चौथे पान) राजा आला आणि हात गेला. फ्लॉपवर बेट लावायला हवी होती का? — एक वाचक, डिचोली

उत्तर: हो, लावायला हवी होती. त्या घडीला बहुधा तुम्हीच पुढे होता, पण दश्शीपासून एक्क्यापर्यंत कुठलेही पान पडले की तुमच्या जोडीचे तेज उतरते. अशी पाने 20, न दिसलेली 47. म्हणजे टर्नलाच साधारण 43 टक्के आणि रिव्हरपर्यंत (शेवटचे, पाचवे पान) 67 टक्क्यांच्या वर. हा आकडा पाहून धास्तावलेले लोक पॉटएवढी बेट ठोकतात, आणि गफलत तिथेच होते. मोठे पान पडणे वेगळे, ते समोरच्याला जुळणे वेगळे. त्याच्याकडे राजा-गुलाम असतील तर जोडी लावणारी पाने सहाच. टर्नला ती लागण्याची शक्यता 13 टक्के, दोन्ही पाने मिळून 25. ही पाने त्याला फुकट बघू द्यायची नाहीत, एवढेच बेटचे काम.

त्यासाठी 220 पुरे. त्याने कॉल केल्यावर पॉट 1,090 होतो, म्हणजे 220 भरायला त्याला जिंकण्याची 20 टक्के तरी शक्यता हवी. राजा-गुलामाकडे कागदावर 25 आहेत, पण टर्नला काही लागले नाही तर पुन्हा बेट अंगावर येणार हे ठाऊक असल्याने तो हात पुष्कळदा टाकला जातो. चारात एकदापेक्षा किंचित जास्त वेळा त्याने पाने टाकली की बेटचा खर्च तिथेच निघतो. शिवाय अठ्ठीची जोडी, सत्त्यांची जोडी, सत्ती-पंजी असे मागे असलेले हात कॉल करतात. त्याने 700 चा रेझ केला तरी लगेच पाने टाकू नका. ड्रॉही (अजून न जुळलेले, एखाद्या पानाची वाट बघणारे हात) असेच खेळले जातात. एकदा कॉल करून टर्न बघा.

कॉल आला आणि टर्नला राजा किंवा एक्का पडला तर चेक. तिर्री पडली तर पॉटच्या निम्मी ते दोन-तृतीयांश बेट.

पण हात नाजूक आहे म्हणून बेट लावायचीच, असे मात्र नाही. पंज्यांची जोडी आणि फ्लॉपला राणी-दश्शी-नव्वी, हा हात त्याहून नाजूक; तिथे बेट लावली तर कॉल करणारा एक तर पुढे असतो, नाहीतर त्याच्याकडे भरपूर पाने असतात. चेक करा. उलट राजा-पंजी धरून राजा-सत्ती-दुर्री आले, तर घाबरवणारे पान फक्त एक्का, म्हणजे 47 पैकी 4. तिथे फुकट पान दिल्याने फारसे बिघडत नाही.

समोर तिघे असतील तर तुमच्या नव्व्यांना बेट आणखीच गरजेची, थोडी मोठीही. पण तेव्हा रेझ आला तर बिनदिक्कत पाने टाका.

प्रश्न: पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर हाच हात मी बिग ब्लाइंडवर बसून खेळलो तर? रेझ बटणावरून आला आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: (गोव्यातल्या रहिवाशांना 1 फेब्रुवारी 2020 पासून कॅसिनोत खेळायला मज्जाव असल्याने हा प्रश्न घाटावरून येणे साहजिकच.) आधी चेक. अशा फ्लॉपवर रेझ करणारा बहुतेकदा स्वतःच बेट लावतो. त्याच्या 220 वर 700 च्या आसपास रेझ करा. राजा-गुलाम, राणी-दश्शी हे सगळे तिथेच गळतात, आणि ते गळलेलेच तुम्हाला हवेत. यातली खोट एकच: त्यानेही चेक केले तर टर्नचे पान त्याला फुकट मिळते. बेट क्वचितच लावणारा, संथ खेळाडू समोर असेल तर म्हणूनच वाट बघू नका, 220 तुम्हीच आधी टाका. नोटा मोजून बसलेल्या टेबलावर आणखी एक फरक: कॅसिनो पॉटमधून आपला वाटा कापतो, म्हणून जेमतेम फायद्याचे कॉल तिथे अंगाशी येतात.